असेंबलवाले आप्पांचा शेवटचा कॉम्प्युटर

सुरतमधल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत कुणी नवा कॉम्प्युटर आणला की दुसऱ्या दिवशी असेंबलवाले आप्पा तो बघायला जायचे, आणि ते उठेपर्यंत त्या घरात कुणीतरी गेल्यासारखी शांतता पसरलेली असायची. बोलावणं लागायचं नाही. पांढरा शर्ट, पांढरी पँट, वरच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. दारात चपला काढायच्या, खुर्ची ओढायची आणि त्या नव्याकोऱ्या डब्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचे. घरातली माणसं श्वास रोखून उभी. आम्ही पाच-सहा रिकामटेकडे त्यांच्या मागोमाग शिरलेले असायचो, कारण पुढे जे होणार ते बघायला तिकीट लागलं असतं तरी आम्ही काढलं असतं.

"वॉरंटी किती दिली?" आप्पा डोळे न उघडता विचारायचे.

"तीन वर्षं, आप्पा."

"हां. म्हणजे कंपनीलाही माहितीये की चौथं वर्ष काही हा बघत नाही."

इथून सुरुवात. मग तो खिशातला स्क्रूड्रायव्हर बाहेर यायचा. मालक नको नको म्हणेपर्यंत बाजूचा पत्रा निघालेला असायचा. आप्पा आत डोकावायचे, नाक मुरडायचे, आणि अहिराणीत एकच प्रश्न टाकायचे, "हाई काय शे रे भो?" हे काय आहे, असं त्यांनी विचारलं की समजायचं, माणूस गेला. आप्पांच्या तीन भाषा होत्या. शिकवायचं असलं की मराठी, गिऱ्हाईक वजनदार असलं की गुजराती, आणि जीव घ्यायचा असला की अहिराणी.

एकदा आमच्या गल्लीतल्या एका शिक्षकांनी लेकीच्या कॉलेजसाठी मोठ्या शोरूममधून कंपनीचा कॉम्प्युटर आणला. मुलीने त्याला हार घातला होता, कुंकू लावलं होतं. आप्पांनी पत्रा उघडला, आतल्या पॉवर सप्लायकडे बोट दाखवलं आणि त्या पोरीलाच विचारलं, "बेटा, हा आकार बघ. हा गेला तर दुसऱ्या कुठल्या दुकानातला इथे बसणार नाही. कंपनीचाच आणावा लागेल, कंपनी देईल तेव्हा आणि कंपनी म्हणेल त्या भावात. याला कॉम्प्युटर नाही म्हणत, याला सासर म्हणतात." पोरगी आत जाऊन रडली. शिक्षक आप्पांना चहा विचारायला विसरले. आम्ही मात्र कोपऱ्यावर येऊन हसून हसून भिंतीला टेकलो. आज लिहितानाही हसू येतंय, काय करणार.

आप्पांचं स्वतःचं दुकान म्हणजे एक खाट आडवी टाकली तर शटर लागणार नाही एवढा गाळा. तरुणपणी ते लूम्सच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात होते, कापडाच्या रुईत खोकत खोकत मागांच्या मोटारी दुरुस्त करायला शिकले, मोटारीवरून टीव्हीवर आले आणि टीव्हीवरून कॉम्प्युटरवर. त्यांच्याकडे तयार कॉम्प्युटर एकही नसायचा. माणूस यायचा, तर आधी त्याची उलटतपासणी. कितीपर्यंत घ्यायचाय हा प्रश्न शेवटी. पहिला प्रश्न, "करणार काय त्याच्यावर?" कुणी "सगळंच" म्हणालं तर आप्पा त्याला बाहेर काढायचे. मग स्वतःच्या वळणदार अक्षरात भागांची यादी लिहून द्यायची, माणसाने बाजारातून ते भाग आणायचे, आणि आप्पांनी त्याच्यासमोर, त्याला उभं ठेवून, जोडायचे. तयार झाल्यावर बाजूचा पत्रा आठ दिवस दुकानातच ठेवून घ्यायचे. "उघडा चालू दे. कुठे गरम होतो, कुठे आवाज करतो, बघ. आपल्या माणसाचं आतलं बघितलं नाही तर संसार कसा होणार?" सगळी गल्ली त्यामुळे आठ-आठ दिवस उघड्या कॉम्प्युटरवर काम करायची. मुलांची बोटं पंख्यात जायची, उंदीर आत फिरून यायचे. पण आप्पांनी जोडलेला कॉम्प्युटर बंद पडलाय, असं पंधरा-वीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

माझा धंदा एम्ब्रॉयडरीच्या पंचिंगचा. म्हणजे साडीवर जे वेलबुट्टीचं भरतकाम मशीन करतं, त्या मशीनला टाका कुठे घालायचा आणि कुठे उचलायचा हे कॉम्प्युटरवर आखून द्यायचं. माझा कॉम्प्युटर अर्थातच आप्पांच्या हातचा. पंधरा वर्षं चालला. त्या पंधरा वर्षांत आप्पांनी माझ्या कलेचंही भरपूर कौतुक केलं. एकदा माझ्या एका जरीच्या मोराकडे बराच वेळ बघून म्हणाले, "संज्या, ही साडी नेसून बाई बाहेर पडली तर कुत्री भुंकतील रे." व्यापारी समोर बसला होता. त्याने तो मोर घेतला नाही. मी ते वाक्य विसरलो नाही.

लग्नसराईच्या तीन महिने आधी माझा तो म्हातारा कॉम्प्युटर मधूनच बंद पडायला लागला. आता सवाल उभा राहिला: नवा आप्पांकडून जोडून घ्यायचा, की सरळ तयार आणायचा? सवाल माझा होता, पण पणाला लागले होते आप्पा. गल्लीतली पोरं लॅपटॉप घ्यायला लागली होती. उरलेले शोरूममध्ये जात होते. आप्पांच्या गाळ्यात वर्षभरात मोजून दोन कॉम्प्युटर जोडले गेले होते. अख्ख्या गल्लीत दिवसभर, रोज, पोटासाठी कॉम्प्युटर चालवणारा मी एकटा. मी रेडीमेड आणला असता तर बाकीच्यांनी आप्पांकडे जायचं कारणच संपलं असतं. हे मला कळत होतं, आप्पांना कळत होतं, चहावाल्यालाही कळत होतं.

मंडळी, अशा वेळी चांगला माणूस काय करतो मला माहीत नाही. मी त्यांना दोन महिने नाचवलं. रोज यादी लिहायला लावायची, रोज त्यात खोट काढायची. "आप्पा, भावेशभाई म्हणतो रेडीमेडमध्ये सगळं आधी तपासून येतं." भावेशभाई हा रिंग रोडवरचा शोरूमवाला, गोड बोलणारा, केसाला तेल लावलेला. त्याचं म्हणणं एकच, "संजयभाई, पेटी खोलो, बटन दबावो, चालू! कायकू आदमी के पीछे भागना?"

आप्पा हे ऐकून लालबुंद व्हायचे. "सुरतेत राहतो, कापडावर जगतो, आणि शर्ट रेडीमेड घालतोस? तुझी कॉलर बघ. दुसऱ्याच्या गळ्याची आहे."

घरी मंगल, माझी बायको, वेगळंच म्हणायची. "मोटरसायकल घेताना इंजिन वेगळं आणि चाकं वेगळी आणली होती का तुम्ही? घ्या तयार आणि कामाला लागा. ऑर्डरी उभ्या आहेत."

मी तरीही आप्पांकडेच कललो असतो. पण एका दुपारी त्यांच्या गाळ्यात बसलो असताना एक जण जुना कॉम्प्युटर रॅम बदलायला घेऊन आला. आप्पांनी स्क्रू काढला आणि तो त्यांच्या बोटांतून आत पडला. काढला, परत पडला. तेव्हा मी त्यांचा उजवा हात नीट पाहिला. तो हलत होता. थंडी वाजल्यासारखा, सारखा, त्यांना न विचारता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हात पटकन मांडीखाली दाबला आणि त्या माणसाला म्हणाले, "उद्या ये. आज लाईट बरोबर नाही." लाईट चांगली होती. मला वाईट वाटलं म्हणून लिहायला हवं, पण मला आधी आनंद झाला. जरीच्या मोराचा आनंद.

आठवड्याने भावेशभाईच्या टेम्पोतून माझा रेडीमेड उतरला. मी मुद्दाम भरदुपारी, सगळे कोपऱ्यावर असताना उतरवला. पेढे वाटले. आप्पांच्या गाळ्यात दोन पेढे जास्त पाठवले.

दुसऱ्या दिवशी ते बघायला येणार हे ठरलेलंच. माझ्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. शिक्षक आले होते, लेकीलाही घेऊन आले होते. मंगलने दोन वेळा चहा टाकला. आप्पा आले, चपला काढल्या, खुर्ची ओढली, तळहात ठेवला. डावा. खिशातला स्क्रूड्रायव्हर बाहेर आला नाही. ते उठले, वाकून कॉम्प्युटरच्या पाठीमागे गेले, मागच्या भोकांच्या ओळीवरून एक बोट फिरवलं, परत येऊन बसले आणि चहाचा कप डाव्या हातात घेतला.

"बोला ना आप्पा!" कुणीतरी ओरडलं.

"छान आहे," आप्पा म्हणाले.

बस. चहा प्यायले आणि गेले. शिक्षकांच्या मुलीने टाळी वाजवली. सगळ्यांनी मग वाजवली. आप्पा हरले होते आणि तेही माझ्या घरात. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सकाळी जुना कॉम्प्युटर भिंतीपासून ओढला. पंधरा वर्षांची रुई आणि जरीचा चुरा त्याच्या पाठीवर गोधडीसारखा बसला होता. तो झटकला, तर खालून माझं लॉक दिसलं. आमच्या पंचिंगच्या सॉफ्टवेअरला एक लॉक येतं, काडेपेटीएवढा पांढरा ठोकळा. तो कॉम्प्युटरच्या मागे खोचलेला असला तरच सॉफ्टवेअर उघडतं. आताची लॉकं पेनड्राइव्हसारखी असतात. माझं जुनं, रुंद, पंचवीस काट्यांचं. पंधरा वर्षांपूर्वी आप्पांनी ते खोचलं आणि त्यानंतर मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. नव्या कॉम्प्युटरच्या मागे पंचवीस काटे जातील असं भोकच नव्हतं. आप्पांचं बोट काल त्याच ओळीवरून फिरलं होतं.

भावेशभाईने एक जोडवायर पाठवली. तिच्यावर प्रिंटर चालत होता, लॉक चालत नव्हतं. "संजयभाई, आपने बोला ही नहीं पीछे ऐसा कुछ लगता है," तो म्हणाला, आणि हे खरं होतं. त्याने विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. नवं सॉफ्टवेअर नव्या लॉकसकट घ्यायचं तर मला घर विकावं लागलं असतं. आणि लग्नसराई दाराशी आलेली.

मी आप्पांच्या गाळ्यापुढे जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला पाऊण तास उभं ठेवलं. पेपर वाचला, जाहिरातींसकट.

"तुम्हाला काल दिसलं होतं," मी शेवटी म्हणालो.

"दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"इतकी वर्षं मी कुणी न विचारता बोललो. तुम्ही चहा पीत ऐकलंत आणि हसलात. काल म्हटलं, बघू, एखादा विचारतो का." त्यांनी पेपराची घडी घातली. "तू पेढे पाठवलेस."

मग त्यांनी कागद ओढला आणि यादी लिहायला घेतली. अक्षर आता वळणदार नव्हतं, मुंगीने शाईत पाय बुडवून चालावं तसं होतं. एका विशिष्ट जातीचा बोर्ड अजून बाजारात मिळतो, त्याच्या पोटात जुन्या पोर्टासाठी काट्यांच्या दोन ओळी दिलेल्या असतात, मागे एक पट्टी लावली की माझं लॉक बसेल. तो बोर्ड कोणत्या गल्लीत, कोणत्या जिन्याखाली मिळेल तेही लिहिलं. आणि म्हणाले, "उद्या दुपारी सामान घेऊन ये. एकटा. शटर पाऊण खाली असेल, वाकून आत ये."

दुसऱ्या दिवशी भट्टीसारख्या त्या गाळ्यात मी जमिनीवर, ते माझ्या मागे स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली. तेव्हा मला कळलं की जोडणार मी आहे.

"प्रोसेसर ठेव. ठेव म्हटलं, दाबू नको. पाळण्यात मूल ठेवतात तसं. तुला तुझी आई ठेवायची की फेकायची? ... फेकायची, दिसतंच आहे."

"आता त्याच्यावर गारव्याची पेस्ट लाव. तुरीच्या दाण्याएवढी. अरे, तूर! तूर बघितली आहेस का, की थेट वरणच बघतोस?"

"ही वायर उलटी आहे. नाही, ती नाही. तीही नाही. संज्या, तुझ्या मोराला पाय किती होते रे?"

तीन तास. घाम डोळ्यांत जात होता, बोटं कापली होती, आणि मागून एकसारखा तो आवाज. पण एक सांगतो. त्या तीन तासांत त्यांनी एकदाही चुकीचं सांगितलं नाही. मला दिसत नव्हतं तेही त्यांना स्टुलावरून दिसत होतं. शेवटी मागे पट्टी लावली, लॉक खोचलं, बटन दाबलं. पंखे फिरले. एक बारीकसा बीप वाजला. स्क्रीनवर सॉफ्टवेअर उघडलं आणि लॉक सापडल्याची हिरवी खूण आली. मी मागे वळलो, तर आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

थोड्या वेळाने म्हणाले, "शटर वर कर. बाहेर कुणी विचारलं तर..." आणि वाक्य तिथेच सोडलं. पुढचं त्यांना बोलून दाखवावं लागू नये एवढीच त्यांची अपेक्षा होती.

शटर वर गेलं. कोपऱ्यावरची सगळी फौज बाहेर जमलेलीच होती, भावेशचा रेडीमेड आपटला ही बातमी सकाळीच फिरली होती. मी कॉम्प्युटर छातीशी धरून बाहेर आलो.

"क्या बात है!" चहावाला म्हणाला. "आप्पा, तुम्ही जोडला ना?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. आणि मंडळी, समोर वीस माणसं उभी होती, सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळलेले. असा रंगमंच मला वर्षातून एकदा मिळतो. मी कॉम्प्युटर ओट्यावर ठेवला, उजवा हात वर केला आणि तो थरथरवला. स्क्रूड्रायव्हर धरल्यासारखी बोटं, आणि हात पानासारखा हलतोय. "आप्पांनी? आप्पांनी हात लावला असता तर हा कॉम्प्युटर आत्ता नाचत घरी गेला असता. मी जोडला. आप्पांनी शिव्या पुरवल्या."

गल्ली फुटली. शिक्षक तर खाली बसले हसून. मी परत एकदा हात करून दाखवला, मागच्यांना दिसला नव्हता म्हणून. आप्पाही हसत होते. हसतच त्यांनी शटर खाली ओढलं, डाव्या हाताने.

त्यानंतर त्यांच्याकडे कुणी स्क्रू बदलायलाही गेलं नाही. गिऱ्हाईकं माझ्याकडे यायला लागली, "संजयभाई, तुम्हीच जोडून द्या." दोन महिन्यांनी गाळ्यावर दुसऱ्याच कुणाचा मोबाइल कव्हरचा बोर्ड लागला. आप्पा चलथाणला लेकीकडे गेले, जावई तिथल्या साखर कारखान्यात आहे. जाताना मला भेटले नाहीत. मीही उधना स्टेशनापर्यंत पोचवायला गेलो नाही. कामं होती.

गेल्या वर्षी ते वारले. दहाव्याला मी चलथाणला गेलो. अंगणात मांडव, शंभरेक माणसं, ओळखीचं कुणी नाही. मी मागे बसलो. लेकीला, ज्योतीला, नाव सांगितलं तसं तिने डोळे पुसले आणि मोठ्याने हाक मारली, "अहो, हे बघा कोण आलंय. सुरतचे संजूकाका!"

सगळा मांडव वळला. आणि मांडवभर, त्या दुःखाच्या घरात, हसू पसरायला लागलं. आधी तोंडावर हात ठेवून, मग उघड. एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम उठून मला बघायला आले. "हेच का ते? प्रोसेसर उलटा बसवणारे?"

मी तो उलटा बसवला नव्हता. पण चलथाणला आप्पा सहा वर्षं रोज संध्याकाळी पारावर बसून ती दुपार सांगत होते, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगली सांगत होते. त्यांच्या गोष्टीत मी प्रोसेसर उलटा बसवला होता. त्यांच्या गोष्टीत मी पेस्ट चाखून बघितली होती. स्वतःच्या थरथरत्या हाताची नक्कल ते करत नसत, हात तयारच असे. ते माझी करत. माझं बसणं, माझं घाम पुसणं, माझी ढेरी मध्ये येते म्हणून माझं वाकता न येणं. ज्योतीचा नवरा ते करून दाखवायला लागला आणि बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. मी सुरतेहून दहाव्याला आलेला पाहुणा, आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना मी सहा वर्षांपासून तोंडपाठ होतो.

"काका, एक विचारू?" ज्योती म्हणाली. तिचे डोळे अजून ओलेच होते. "बाबा नेहमी सांगायचे, मला कधी खरं वाटलं नाही. कॉम्प्युटर चालू झाला तेव्हा तुम्ही बाबांच्या पायावर डोकं ठेवून रडला होतात? तीन वेळा?"

शंभर चेहरे माझ्याकडे.

"नाही," मी म्हणालो. "चार वेळा."